मन्मथप्पांची पाणंद

मन्मथप्पांवर माझा राग आहे. गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये हे मलाही कळतं, पण अप्पा गेलेले नाहीत. देगलूरच्या बाजारात त्यांच्या मुलाचं भुसार मालाचं आडत दुकान आहे, तिथे रोज सकाळी पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून ते बसलेले असतात, अशी खबर मला लातूरला मिळत असते. तब्येत ठणठणीत आहे. जेवणखाण व्यवस्थित आहे. फक्त सायकल काढत नाहीत. तेव्हा राग धरायला माझी मी मोकळी आहे, आणि तो मी चांगला धरून ठेवला आहे.

मी दातांची डॉक्टर, मूळची लातूरची. देगलूरला दवाखाना थाटून सहा वर्षं काढली. तीन राज्यांच्या तोंडावरचं गाव; बाहेरच्या बाकावर एक मराठीत कण्हतोय, दुसरा तेलुगूत, तिसरा कानडीत, असा कारभार. अप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मात्र कण्हत नव्हते. रुमालाची गाठ सोडून त्यांनी खालची कवळी माझ्या टेबलावर ठेवली. मधोमध दोन तुकडे झालेले. मी जोडून दिली. दीड महिन्यानं पुन्हा तेच दोन तुकडे. तिसऱ्या वेळी नव्या कवळीचं माप घेताना मी वैतागले.

“अप्पा, हिच्यानं सुपारी फोडता का?”

“न्हाई बाई. लेंडीच्या काठानं उतरताना दचके बसतात.”

“मोटरसायकलवर?”

“सायकलवर.”

वय विचारलं तर म्हणाले, “सहासष्ट असंल. थोरल्या भावाला बराबर मालूम हाय.”

“मग सायकलवर बसताना कवळी काढून खिशात ठेवत जा,” मी म्हटलं. हा टोमणा होता. अप्पांनी तो औषधासारखा घेतला. त्या दिवसापासून तालुक्यातल्या वाटांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार झाले, कवळीची वाट आणि बिनकवळीची वाट. पुढे मी त्यांच्यासोबत फिरायला लागल्यावर हे रोज पाहावं लागलं. समोर खडीचा उतार दिसला की एक हात हँडलवरून सुटायचा, तोंडात जायचा, दात सदऱ्याच्या खिशात पडायचे आणि खिशाचं बटण लागायचं. मी माप घेऊन केलेले, घासूनपुसून चकचकीत केलेले दात. माझ्या डोळ्यांदेखत. आणि वाटेत कुणाशी वाद घालायची वेळ आली की अप्पा आधी उतरायचे, सायकल बाभळीला लावायचे, दात काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे, बसवायचे आणि मगच तोंड उघडायचे. तोवर समोरच्याचा अर्धा राग ओसरलेला असायचा.

सायकलीचं असं झालं. दिवसभर वाकून माझी पाठ गेली होती, म्हणून मी एक जाड टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल मागवली होती. खडीच्या, मुरमाच्या कच्च्या वाटांसाठीच ती बनवलेली असते. मी शहाणी ती हायवेवर चालवत होते. एका बाजूनं उसाचे ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूनं हैदराबादचे ट्रक. अप्पांनी ती दवाखान्याच्या बोळात पाहिली.

“ही मेंढ्याच्या शिंगाची कुणाची?”

“माझी.”

“टायर तर मुरमाचे हायत. मग डांबरावर काहून चालवायलाव? आइतवारी पहाटं या माझ्यासंगं.”

त्यांची स्वतःची सायकल म्हणजे जुनी काळी घोडा सायकल, तिला नांदेडहून आणलेली गियरची चाकं आणि जाड टायर बसवलेले. दांड्याला हवा भरायचा पंप बांधलेला. हँडलला एक कापडी पिशवी, तिच्यात पंक्चरचं सामान, काटे तोडायला विळा आणि निंबूरच्या शिवाराचा नकाशा. निंबूर हे त्यांचं गाव, देगलूरपासून तासाभरावर, लेंडी नदीच्या काठी. धोतर ट्यूबच्या कापलेल्या रबरानं पोटरीला बांधलेलं. या अवतारात हा माणूस माझ्या हजार ठिकाणच्या सल्ल्यांनी घेतलेल्या सायकलीच्या पुढे असायचा. चढाला तर हमखास.

खरं सांगायचं तर मला वेगानं जायचं होतं. ती वाटही तशी आहे. निंबूरचा माळ संपला की तांबूस मुरमाची उतरण लागते, दोन्ही अंगांना तरवड आणि बोरी, खाली लेंडीचं वळण. कार्तिकात तूर फुलावर असते, नदीत पाणी डोहाडोहात थांबलेलं, आणि इतकी शांतता की आपल्याच साखळीचा आवाज ऐकू येतो. अशा उतारावर सायकल सोडून द्यावी, तर अप्पा थांबलेले. का? बांधाचा दगड सरकलाय. पुढे पन्नास पावलांवर परत थांबलेले. का? काटेरी सराटे उगवलेत, ते विळ्यानं काढतायत. तीस किलोमीटरला आम्हाला पाच तास लागत. माझी मैत्रीण लातूरहून एकदा आली, तिनं परत यायचं नावही काढलं नाही.

त्यात त्यांची पूजा. अप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. घरून पहाटे निघायचं म्हणून पूजा नदीवर. मग डोहात बुचकळी, कपाळाला भस्माची तीन बोटं, डाव्या तळहातावर लिंग, वर दोन बेलाची पानं, आणि डोळे मिटून बसणं. मी काठावर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसायची. पोटात कावळे ओरडत. ते उपाशी असताना मला खाववेना. एकदा मी घड्याळ लावलं, चाळीस मिनिटं झाली. डोळे उघडल्यावर म्हटलं, “अप्पा, देवाला तरी भूक लागली असेल.” ते म्हणाले, “त्याला सवय हाय. तुमाला लावायचीय.”

डांबरी रस्त्याचा त्यांना खरोखर तिटकारा होता. मी एकदा माहूरला सायकलनं जाऊ म्हटलं, रेणुकेच्या दर्शनाला. “इल्ला,” म्हणाले. नाही म्हणायचं झालं की ते कानडीत म्हणत, म्हणजे विषय संपला. “देवीला डांबरावरनंच जायचं तर यष्टी काय वाईट हाय?”

अनोळखी शिवारात शिरलं की ते कुणालाही ही वाट कुठं जाते असं विचारत नसत. विचारायचे, “हितून शेवटची बैलगाडी कधी गेली?” म्हातारी माणसं आठवत बसत. कुणी सांगायचं, माझ्या लग्नात. कुणी सांगायचं, बापाच्या मातीला. त्यावरून अप्पा वाटेचं वय ठरवत. “रान पडीक पडलं तर नांगरून वापस येतं, बाई. वाट पडीक पडली की गेली.” म्हणून दर पंधरवड्याला एकेका वाटेवरून एकदा तरी चाक गेलं पाहिजे, हा त्यांचा नेम. अशा अकरा वाटा त्यांनी दिवसवार वाटून घेतल्या होत्या. मी एक रविवार चुकवला तर म्हणायचे, तुमची वाट उपाशी राहिली.

या अकरांतली एक त्यांच्या जिवाची होती. निंबूरहून निघून लेंडीच्या काठाकाठानं मोरगीला जाणारी जुनी पाणंद, रानांमधली गाडीवाट. मोरगी त्यांचं आजोळ. लहानपणी आईबरोबर बैलगाडीत बसून ते या वाटेनं जात. आता ती नकाशावर होती आणि जमिनीवर अर्धीमुर्धी होती. मध्ये जवळजवळ दोन किलोमीटर नुसती रानं. कुणी एका दिवसात घेतली नव्हती. दरसाल नांगरताना प्रत्येकानं एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, पाणंदीत घातलं, या अंगानं एक, त्या अंगानं एक. चाळीस वर्षांत दोन्हीकडची तासं मधे येऊन भेटली.

अप्पांची एकच इच्छा होती, मरायच्या आत ही पाणंद उघडलेली बघायची. “सायकल माझी हौस हाय,” ते म्हणायचे. “पर पावसाळ्यात लोकं सोयाबीन डोक्यावर आणायलेत. ट्रॅक्टर रानात जाईना. सगळ्यांची वाट सगळ्यांनीच नांगरलीया आन सगळेच बोंबलायलेत.”

नकाशा पिशवीतून काढताना ते हात धोतराला पुसत. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. पाणंदीच्या जागी दोन तुटक रेघा. त्या रेघांवरून ते सायकल खांद्यावर घेऊन उभ्या पिकातून चालत जायचे, एकही रोप न मोडता. मी मागून मोबाईलवर बघत सांगायची, अप्पा, थोडं डावीकडे. अशा एका सकाळी गिरजाबाई आडव्या आल्या. हातात विळा, समोर गुडघाभर हरभरा.

“ओ अप्पा, हे रान हाय का सडक?”

अप्पांनी सायकल उतरवली. दात काढले, पुसले, बसवले. “सडकच हाय, गिरजाबाई. तुमी हरभरा सडकंवर पेरलाव.”

“आज बोलायलाव व्हय? माझ्या सासऱ्यानं नांगरली तवा काय करत हुताव?”

“दुकानात बसलो हुतो,” अप्पा म्हणाले. “चुकलं.”

गिरजाबाईंना भांडण पुढे कसं न्यावं कळेना. त्या खाली वाकल्या, त्यांनी दोन डहाळे उपटले आणि एक माझ्या हातात, एक अप्पांच्या हातात दिला. पुढच्या पावसाळ्यात त्यांची सोयाबीनची गंजी रानातच भिजली, मळणीचं यंत्र पोचेना, शेंगांना कोंब आले. अप्पांनी पाणंद उघडी करून द्या म्हणून तहसीलदारांना दरखास्त लिहिली, तेव्हा तिच्यावर पहिला अंगठा गिरजाबाईंचा पडला.

त्या दरखास्तीची दोन वर्षं मी विसरायचा प्रयत्न करते. तारीख पडायची, साहेब दौऱ्यावर. पुन्हा तारीख, साहेब बदलून गेले. नवे साहेब म्हणायचे, फाईल बघतो, आणि फाईल दुसऱ्या टेबलावर. अप्पा प्रत्येक तारखेला सायकलनं जात, कचेरीच्या पायरीवर बसत, आणि परत येताना दवाखान्यात डोकावत. मी विचारायची, काय झालं? ते म्हणत, “चहा झाला.” मला हातातलं हत्यार भिंतीवर फेकावंसं वाटायचं. त्यांना काही वाटायचं नाही. सराटे उपटण्यात आणि कचेरीत बसण्यात त्यांना फरकच दिसत नव्हता.

अखेर मोजणीचा दिवस आला. तीन पायांचं यंत्र घेऊन मोजणीवाले आले. दोन्ही गावांची माणसं बांधावर. मोरगीच्या बाजूनं सुरुवात केली. याचे तीन फूट, त्याचे चार फूट, गिरजाबाईंचे पाच. ज्याचं निघेल तो मान खाली घालायचा, बाकीचे हसायचे. अप्पा पुढे पुढे चुन्याची फक्की टाकत चाललेले. सकाळपासून दात तोंडातच होते, म्हणजे त्यांच्या लेखी वाट गुळगुळीत झालेली होती.

निंबूरच्या टोकाला अप्पांच्याच घरचं रान लागलं. ते कसायचे त्यांचे थोरले भाऊ, वीरभद्रप्पा. अप्पा त्यांना अण्णा म्हणत. तिथे नदीच्या दरडीला लागून त्यांची विहीर आहे, दगडी, गोड पाण्याची. दर रविवारी आम्ही तिथे बाटल्या भरत असू. अण्णा तिथेच सीताफळाखाली बाज टाकून बसलेले होते. मोजणीवाल्यानं यंत्र लावलं, पाहिलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, “विहीर रस्त्यात आहे.”

मग अण्णांनीच बाजेवरून सांगितलं. दुष्काळात गावाला पाणी नव्हतं; अप्पा तेव्हा देगलूरला दुकानात होते. पाणी लागलं ते नेमकं पाणंदीत. त्यांचे वडील म्हणाले, कुणाचं रान जात नाही, वाट सगळ्यांची आहे, पाणीबी सगळ्यांचं होईल. गावानं मान डोलावली. विहीर वाटेत खांदली. गाड्या कडेनं वळून जायला लागल्या, वळण शेजाऱ्याच्या रानात गेलं, शेजाऱ्यानं त्याचा हिशेब पलीकडे नांगरून चुकता केला. तिथून जो तो एकेक तास घेत सुटला. इतकं शहाणं गाव मी दुसरं पाहिलं नाही. रस्त्यात कुणाचं नुकसान नाही म्हणून रस्त्यातच विहीर.

“अप्पा, आता विहिरीवरनं सायकल न्या,” बांधावरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी पाणंद हसली. अप्पा विहिरीच्या काठावर उभे राहून आत बघत होते.

तोडगा अवघड नव्हता. विहिरीच्या एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला अण्णांचं रान. रानातली दहा फुटांची पट्टी अण्णांनी सोडली की वाट विहिरीला वळसा घालून पुढे जात होती. बाकीचे सगळे म्हणाले, थोरल्या घरानं सोडलं की आम्ही आमचं सोडतो. तेही रास्तच होतं. पण त्याच दिवशी पंचनामा झाला, आणि पाणंदीत अतिक्रमण करणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव लागलं ते त्यांच्या वडिलांचं. अण्णांनी मुलाकडून, बसवराजकडून, तो कागद दोनदा वाचून घेतला.

“बापाचं नाव पयलं?” त्यांनी विचारलं.

“विहीर पयली म्हणून, बाबा.”

अण्णा उठले आणि घरी गेले. अप्पांनी मागाहून निरोप धाडला, दहा फुटांच्या बदल्यात माझ्या वाटणीतलं वीस फूट घे. उलट निरोप आला, “रान काय चुलीत घालू? बापाचं नाव खोड.” नाव खोडायचं तर दरखास्त मागे घ्यावी लागत होती. मी अप्पांना समजावलं. घ्या मागे, अण्णांचा राग निवेल, तोंडी ठरवून टाका. “इल्ला. तोंडी वाट एका पावसात वाहून जाती.” मग म्हटलं, जाऊन पाया तरी पडा. “पाया पडतो. दरखास मागं घेत न्हाई.” दोन्ही भाऊ एकाच मातीचे.

अकरा महिने त्यांचं बोलणं बंद होतं. तरी रविवार चुकला नाही. अप्पा त्या पट्टीच्या अलीकडे येऊन सायकल थांबवायचे. पलीकडे बाजेवर अण्णा. मध्ये मी, रिकाम्या बाटल्या घेऊन.

“डॉक्टरीणबाई,” अण्णा मला म्हणायचे, “तुमच्या संगं आलेल्या माणसाला पाणी पायजे असंल तर विहीर मोकळी हाय.”

“त्यास्नी सांगा, तहान न्हाई,” अप्पा मला म्हणायचे.

दोघांच्या मध्ये पंधरा पावलं सुद्धा नव्हती. वयं दोघांची मिळून दीडशेच्या घरात. लहान पोरं असती तर दोघांच्या पाठीत धपाटा घातला असता. अप्पांचे ओठ सुकलेले असायचे आणि पुढे मैलभर गेल्यावर माझ्या बाटलीतलं तेच पाणी ते घटाघटा प्यायचे.

एकदा अण्णा मोठ्यानं म्हणाले, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं, “बसवराज, मी मेल्यावर मला ह्या दहा फुटांतच बसीव. मग बघू कोण गाडी नेतंय ते.” लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात, आणि खेड्यात ती बहुधा स्वतःच्या रानात. एकदा का समाधी झाली की तिच्यावरून गाडी कोण नेईल, आणि तिला वळसा म्हणून आणखी दहा फूट कुणाकडे मागणार? अप्पांनी ते ऐकलं. सायकल वळवली. त्या दिवशी पूजेला ते तासभर बसले.

पुढे बसवराज दाढेसाठी दवाखान्यात आला. पन्नाशीचा, समंजस माणूस. जाताना दारात थांबून हळूच म्हणाला, “म्याडम, बाबा हायत तवर गप राहा म्हणावं काकाला. बाबांच्या माघारी पट्टी मी सोडतो. मलाबी सोयाबीन डोक्यावर आणून बेजार झालंय.” मला इतका आनंद झाला की मी तडक दुकानात जाऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी हातातला हरभरा पोत्यात टाकला. “असं बोलू नये,” म्हणाले. “त्यो जिता हाय अजून.” माझ्यावर ते त्या एकदाच चिडले. मला राग आला, आणि लाजही वाटली.

अण्णा फाल्गुनात गेले. झोपेतच. मातीला दोन्ही गावं लोटली. मीही गेले, बायकांबरोबर बांधावर उभी राहिले, शेजारी गिरजाबाई. खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो पाणंदीचाच. अण्णांना खुर्चीवर बसवून, भस्म लावून, हार घालून विहिरीपाशी आणलं होतं. स्वामी मंत्र म्हणत होते. अप्पा मुलाच्या जीपमधून आले. अकरा महिन्यांनी ते ती पट्टी ओलांडून आत गेले, भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

खड्डा खांदायला सुरुवात झाली होती. मोजणीचा चुना कधीच धुऊन गेला होता, खुणेचे दगड अण्णांनी स्वतः उपटून टाकले होते. लोकांना वाटत होतं खड्डा पट्टीतच आहे. पण मी त्या पट्टीशेजारी अकरा महिने उभी राहिले होते. खड्डा सीताफळाच्या वरच्या अंगाला होता, रानात, पट्टीच्या चांगला चार हात बाहेर. विहीर आणि खड्डा यांच्यामध्ये बैलगाडी आरामात गेली असती. मी बसवराजकडे पाहिलं. त्यानं नजर खाली वळवली, आणि माझ्या लक्षात आलं. मी गिरजाबाईंचा हात दाबला.

अप्पा उठून तिथे गेले. खड्ड्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं.

“हितं न्हाई,” ते म्हणाले.

बसवराज त्यांच्या कानाशी लागला, पण वारा आमच्या दिशेनं होता, सगळं ऐकू आलं. “काका, मुद्दाम वर घेतलंय. पट्टी सुटतीया. कुणाला कळणार न्हाई.”

“त्यानं काय सांगितलं हुतं?”

“काका, ते रागात बोलले हुते.”

“रागात का हुईना, बोलला हुता. जिता असताना मी त्याचं एक ऐकलं न्हाई.” अप्पांनी पट्टीकडे हात केला. “वाटंतच बसवा.”

“आन गाडीवाट?”

“मेल्या माणसाच्या नावानं घात केला की हो अप्पांनी,” गिरजाबाई पुटपुटल्या. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. अप्पा, गिरजाबाईंचं सोयाबीन, तुमची दोन वर्षं, माझे सगळे रविवार. पण मी कोण होते? तिथे भाऊ मेला होता, आणि मी परगावची दातांची डॉक्टर. मी तोंड मिटलं. ते मिटलं म्हणून माझा माझ्यावरही राग आहे.

दोन गडी फावडी घेऊन पट्टीत उतरले आणि अंदाजानं एके ठिकाणी उभे राहिले. अप्पांनी मान हलवली. त्यांनी विहिरीच्या कठड्याला पाठ लावली आणि पावलं मोजत चालू लागले, टाचेला चवडा जोडून, अगदी सावकाश. मध्ये एकदा थांबून डोळे पुसले, परत कठड्यापाशी गेले आणि पहिल्यापासून मोजायला लागले. मग वाकून बोटानं मातीत रेघ ओढली. गड्यांनी तिथे फावडं मारलं. दहा फुटांच्या बरोबर मधोमध होतं ते. या अंगाला पाच, त्या अंगाला पाच. इतकं बिनचूक ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला साधलंच नसतं.